अंबाडा हुंगणारी म्हैस

आमची म्हैस माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नसे, अंबाड्यावरून ओळखत असे. गावाचंही तसंच होतं. पण गाव ते कबूल करत नव्हतं आणि म्हैस उघड उघड करायची, एवढाच काय तो फरक.

ही गोष्ट मोठा दुष्काळ पडायच्या आधीची. म्हणजे देवळाली प्रवरेच्या बाजूला पाटाला पाणी होतं, आमच्या वस्तीभोवती ऊस होता आणि माझ्या डोक्यावर केस होते, तेव्हाची. केस म्हणजे साधे नव्हेत. मानेवर रुळतील एवढे केस वाढवायची टूम तेव्हा पोरांत निघाली होती, आणि आमच्या भागात ती सगळ्यात आधी माझ्या डोक्यावर येऊन उतरली होती. मागून पाहिलं तर मी कुणाची तरी बहीण वाटायचो. माझे वडील, म्हणजे तात्या, रोज जेवताना मला बजावत, की या झिपऱ्या तू कापल्या नाहीस तर मी उसाबरोबर तोडून कारखान्याला घालीन. माझं नाव रावसाहेब. (आमच्या नगर जिल्ह्यात पोरगं पाळण्यात असतानाच त्याला साहेब करून टाकतात. पुढे ते कोण होईल याचा भरवसा नसतो, म्हणून.)

तर तात्यांनी घोडेगावच्या बाजारातून म्हैस आणली. तात्या जनावराचे मोठे पारखी आहेत, असं तात्यांचं मत होतं. त्यांनी म्हशीचे दात पाहिले, शिंगं पाहिली, सड दाबून पाहिले, अंगावरचे भोवरे पाहिले, शेपटी उचलून पाहिली. फक्त तिचं दावं धरून उभी असलेली बाई तेवढी पाहिली नाही. परक्या बाईकडे पाहायचं नाही, हा चांगल्या घरचा रिवाज; आणि त्या रिवाजानेच आम्हाला बुडवलं!

घरी आल्यावर म्हैस पान्हा सोडेना. रेडकू लावून पाहिलं, पेंड ठेवून पाहिली, आईने तिच्याशी गोड बोलून पाहिलं. आई धार काढायला बसली की म्हैस दोन पावलं पुढे सरकायची. मी बसलो की चार पावलं सरकायची. तात्या बसले तेव्हा ती जागची हलली नाही, तात्याच हलले. ते थेट उकिरड्यावर जाऊन पडले आणि तिथूनच म्हणाले, "जनावर ताकदवान हाय."

पुढच्या बाजारी तात्या तणतणत घोडेगावला गेले, ते म्हैस विकणाऱ्या बाईलाच बरोबर घेऊन आले. बाई लहानखुरी, पण तिचा अंबाडा दोघींना पुरेल एवढा. ती ओसरीवर टेकली आणि तिच्यामागोमाग अंबाडा टेकला, असं मला अजून वाटतं. तिने सांगितलेली हकिकत अशी, की ही म्हैस लहान असतानाच तिची आई मेली. बाईने तिला अंगणात वाढवली. बाई भाकरी थापायला बसली की हे पारडू मागून यायचं आणि तिचा अंबाडा हुंगत, चाटत उभं राहायचं. तेव्हापासून अंबाडा म्हणजेच आई, असं तिच्या डोक्यात बसलं.

"आधी पाठमोरं बसायचं," बाई म्हणाली, "पदर खांद्यावर घ्यायचा, तिला पोटभर हुंगू द्यायचं, मंग त्याच बाईनं कासेला हात घालायचा. मधीच डोई झाकली तर आटलंच म्हनून समजा."

तिने करून दाखवलं. म्हशीने अंबाडा हुंगला, डोळे मिटले आणि अशी धार लागली की बादली फेसाने वर उचलली जाते की काय असं वाटलं! मग आई पाठमोरी बसली. आईचा अंबाडा सुपारीएवढा. म्हशीने तो हुंगला आणि फुस्स केलं. (ते फुस्स आईने मरेपर्यंत विसरलं नाही.)

दुसऱ्या दिवशी आई बांगड्या भरायच्या निमित्ताने राहुरीला गेली आणि पिशवीच्या तळाशी लपवून गंगावन घेऊन आली. गंगावन म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी केस, शेपटासारखे बांधलेले. ते आपल्या केसांत गुंफायचे आणि आपले म्हणून मिरवायचे. आईने त्याचा नारळाएवढा अंबाडा घातला. म्हशीने हुंगला, क्षणभर विचार केला, आणि सोडला पान्हा.

इथवर सगळं म्हशीपुरतं होतं. पण एकदा आई धार काढून तशीच पिठाच्या गिरणीत गेली. पदर डोक्यावर होता, तरी पदराखाली डोंगर दिसत होता. रोज आईचं दळण शेवटी घेणारा गिरणीवाला उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमचं आधी घेतो." आईने आधी आपल्या मागे कुणी बाई उभी आहे का, ते पाहिलं. एसटीत तिला बसायला जागा मिळू लागली. देवळात बायका सरकून पुढे बसा म्हणू लागल्या. कुणाचं भांडण झालं की दोन्हीकडच्या बायका न्यायाला आईकडे. महिनाभरापूर्वी ह्याच बायका आईच्या अंगणातून शेण न विचारता उचलून न्यायच्या! एवढंच काय, लग्न झाल्यापासून आईला "अगं ए" म्हणणाऱ्या तात्यांच्या तोंडून एकदा चुकून "अहो" गेलं, आणि मग ते त्यांना मागे घेता येईना.

आईही बदलली. "न्हाई" म्हणायची ती "नाही" म्हणू लागली. आणि वस्तीवरच्या बायकांनी अचानक एवढे केस कसे वाढले म्हणून विचारलं, तेव्हा आईने ठोकून दिलं, की माक्याचा रस घालून घरी तेल करते. झालं! सगळी वस्ती ओढ्याकाठचा माका ओरबाडू लागली. गिरणीवाल्याच्या बायकोने तर ते तेल एवढं चोपडलं, की तिच्या जवळून गेलं की भजी तळल्यासारखा वास यायचा. गंगावनाचं गुपित आई, तात्या, मी आणि म्हैस एवढ्या चौघांतच होतं. रोज ते आमच्या आतल्या खोलीत खुंटीला लटकायचं आणि आई त्याच्याकडे लोक देवघराकडे बघतात तसं बघायची.

अशात माझं लग्न निघालं. म्हणजे, परत निघालं. आधी दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि दोन्ही ठिकाणी कारण एकच, की मुलगा फार बोलतो. (मी त्यांना असं का वाटतं ते समजावून सांगत होतो, तेवढ्यात ते उठून गेले.) आता पाथर्डीकडचं स्थळ आलं होतं. मुलगी चांगली, घर चांगलं. तिकडे पाण्याची ओढ, म्हणून पोर पाटाच्या भागात द्यायची मुलीच्या वडिलांची इच्छा. त्यांना सगळे नाना म्हणत. तात्यांनी मध्यस्थापाशी म्हशीची एवढी स्तुती केली होती, की नानांनी निरोप धाडला: संध्याकाळी धारेच्या वेळेलाच येतो, दावणीला काय आहे ते डोळ्यांनी बघतो, मग पोराचं बघू. म्हणजे माझं लग्न आता सरळ सरळ म्हशीच्या कासेत अडकलं होतं. आई मला म्हणाली, हे स्थळ गेलं तर पुढचं स्थळ तुझ्या मुलालाच बघावं लागेल.

आणि पाहुणे यायच्या दिवशी दुपारी गोवऱ्या काढताना आईच्या उजव्या हाताला विंचू डसला.

डॉक्टरने इंजेक्शन दिलं, पण हात सुजून भोपळ्यासारखा झाला. धार काढणं तर सोडाच, आईला कपाळाचा घाम पुसता येईना. मी म्हटलं, शेजारच्या काकूंना बोलावू, त्यांना गंगावन लावू, घटकाभराचं तर काम आहे. आईने ती सुजलेली मूठ माझ्यासमोर धरली.

"माझं गंगावन वस्तीला कळलं तर मी हिरीत उडी घेईन. तुझं लगीन नंतर कधी बी हुईल."

तात्या मिशीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे नव्हे, त्याच्या जरा वर आणि मागे. मग शांतपणे म्हणाले, "एवढ्या झिपऱ्या वाढवल्यात, त्या कामाला तरी येऊ द्या, रावसाहेब."

पुढचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते आठवलं की अजून मानेला घाम फुटतो. तात्यांनी माझी मान धरली, आईने डाव्या हाताने आणि दातांनी माझ्या केसांत गंगावन गुंफलं, आणि इतक्या पिना खोचल्या की मला डोळे मिटता येईनात. पँटवरून लुगडं गुंडाळलं. पदर खांद्यावर. तात्या म्हणाले, मी फाट्यावर एसटीला जाऊन पाहुण्यांना घेऊन येतो. त्यांना चालवत आणीन सावकाश, ऊस दाखवत दाखवत. तोवर धार काढून अंबाडा उतरव आणि माणसासारखा होऊन बस. बेत चोख होता. फक्त पाहुणे एसटीने आले नाहीत. पाथर्डीहून त्यांना एक जीप मिळाली, आणि ती उसातल्या मागच्या रस्त्याने थेट आमच्या गोठ्यामागे येऊन थांबली.

म्हशीने नुकताच पान्हा सोडला होता. मी तिच्या पोटाखालून पाहिलं. पलीकडे एक धोतर उभं होतं, आणि धोतराशेजारी एक हिरवं लुगडं.

"रामराम बाई," धोतर म्हणालं.

उठून पळावं तर धार मोडते, पदर डोक्यावर घ्यावा तर म्हैस आटते. मी सायकलची हवा जावी तशा आवाजात रामराम घातला. पण नाना खरोखरच सज्जन माणूस. बाईमाणूस उघड्या डोईने बसलं आहे म्हटल्यावर त्यांनी चटकन पाठ फिरवली आणि उसाकडे तोंड करून उभे राहिले.

"चालू द्या तुमचं. आमी हिकडं बघतो. ही माझी थोरली बहीन, आक्का. पोरीची आत्या." मग जरा थांबून म्हणाले, "तुमी पोराच्या कोन?"

आता काय सांगणार? "चुलती," मी म्हणालो. मी माझीच चुलती झालो.

"मंग तुमाला तर सगळं ठावं आसंल. पोरगा कसा हाय वो? तुमच्यासारख्या मोठ्या बाईनं सांगितलं म्हंजी आमी दुसऱ्या कुनाला इचारनार न्हाई."

मोठ्या बाईनं! उभ्या आयुष्यात मला कुणी मोठा म्हटलं नव्हतं. मी तोंड उघडलं की लोक चपला शोधायला लागायचे, आणि इथे एक दांडगा माणूस टोपी हातात धरून माझ्या एका शब्दासाठी ताटकळत उभा होता. मला मोह आवरेना. मी सांगितलं, पोरगा म्हणजे गाय आहे. कामाला वाघ आहे. पहाटे कोंबड्याला तोच उठवतो. आईचे पाय चेपल्याशिवाय जेवत नाही. नाना उसाकडे बघत एकेका वाक्याला मान डोलावत होते.

"पर बोलतो लई, आसं आमच्या कानावर हाय," आक्का म्हणाली. हिने काही पाठ फिरवली नव्हती.

"त्यो?" मी म्हणालो. "त्याच्या तोंडातनं शबूद काढाया आमाला पाया पडावं लागतं."

नाना दचकले. "मुका हाय का काय?"

"मुका न्हाई," मी घाईघाईने सावरलं. "लागंल तेवडंच बोलतो. पर बोलाया लागला का वस्ती गोळा हुती ऐकाया."

आक्का आणखी जवळ आली. तिची नजर माझ्या अंबाड्यावर होती. केस किती दाट, कुठलं तेल लावता, असं विचारत तिने आपल्या डोक्यातलं शेवंतीचं फूल काढून कौतुकाने माझ्या अंबाड्यात खोचलं. म्हशीने डोळे उघडले आणि ती त्या फुलाकडे बघू लागली. (ही वाईट खूण होती, पण मला मागे डोळे नव्हते.) आणि मग आक्काने कमरेच्या पिशवीतून कुंकवाची डबी काढली.

"पहिल्यांदा तुमच्या दारी आलो. सवाशिनीला कुंकू लावल्याबिगर पुढं जाऊ न्हाई. वळा बाई हिकडं."

"माझं हात दुधाचं हायेत."

"लावायचं मला हाय. तुमचं हात कशाला लागत्यात?"

यावर मला काही सुचेना. हे लिहिताना मला त्याचं विशेष वाटतं, कारण मला काही सुचलं नाही असं आयुष्यात तेवढं एकदाच झालं आहे. तेवढ्यात बोलणं ऐकून आई घरातून बाहेर आली. हाताला फडकं गुंडाळलेलं, पदर डोक्याला सपाट चिकटलेला, आणि पदराखाली तीच जुनी सुपारी. नानांनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाले, "ए म्हातारे, जरा बाजूला हुभी ऱ्हा. बाईंची धार चाललीय."

आईने आधी मागे वळून म्हातारी कोण आली आहे ते पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"म्हातारी कुनाला म्हन्ता?" आई म्हणाली. 'नाही'वाली भाषा पार गेली होती. "मी रावसाहेबाची आई हाय."

नानांनी टोपी घातली, काढली, परत घातली. "मंग ह्या चुलतीबाई?"

"कुठली चुलती? ह्याच्या बापाला भाऊच न्हाई."

इकडे बादलीत धार पडत होती. माझे हात थांबायचं विसरले होते. आक्काने माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. निघालेलं बोट थांबलं नाही. कुंकू बरोबर कपाळाच्या मध्यावर लागलं. मग तिची नजर खाली उतरली, नाकावरून घसरली आणि थांबली.

"नाना," ती म्हणाली, "चुलतीला मिशा हायेत."

त्याच क्षणी म्हशीने शेवंती खाल्ली. नुसती शेवंती खाल्ली असती तर काही म्हणणं नव्हतं, पण तिने ती मुळासकट उपटली. पिनांसकट गंगावन सुटलं आणि म्हशीच्या तोंडातून वीतभर खाली लोंबू लागलं.

"माझा अंबाडा," आई किंचाळली.

ती हे बोलली तेव्हा जीप बघायला आलेली सगळी वस्ती गोठ्याच्या कुडाला टेकून उभी होती. गिरणीवाल्याची बायको सगळ्यात पुढे. तिने सावकाश स्वतःच्या तेलकट डोक्याला हात लावला, हाताचा वास घेतला आणि आईकडे पाहिलं. मारामारी परवडली असती!

एवढ्यात फाट्यावरून धापा टाकत तात्या आले. त्यांनी नानांकडे पाहिलं, म्हशीच्या तोंडाकडे पाहिलं, मग लुगड्यात उकिडव्या बसलेल्या, कपाळभर कुंकू ल्यालेल्या माझ्याकडे पाहिलं.

"हा आमचा रावसाहेब," तात्या म्हणाले. (दुसरं काय म्हणणार?)

नाना तडक जीपकडे चालू लागले. ड्रायव्हरने जीप सुरू केली. संपलं, मी मनात म्हटलं. आता माझ्या मुलाचं स्थळच बघायचं, फक्त त्याला आई कुठून आणायची एवढाच प्रश्न आहे. पण आक्का जागची हलली नव्हती. ती बादलीत डोकावून बघत होती. बादली काठोकाठ भरली होती.

"शेजारनीला का न्हाई बोलावलं धारंला?" तिने मला विचारलं.

मी आईकडे पाहिलं. आई भिंतीला टेकून खाली मान घालून बसली होती, डोक्यावरचा पदर डाव्या हाताने पुढे ओढत. मी हळूच म्हणालो, "गंगावनाचं कळलं असतं."

आक्काने एकदा आईकडे, एकदा माझ्या कुंकवाकडे पाहिलं. मग जीपकडे तोंड करून म्हणाली, "नाना, जीप बंद करायला सांग. आईचं उनं झाकायला ह्यो लुगडं नेसून बसला. आपल्या पोरीचं काय उनं निघालं तर ते बी झाकील. बोलतो लई, ते मी आत्ताच ऐकलं. पोरीच्या कानात कापूस घालू."

त्याच दुधाचा चहा झाला. नाना दोन कप प्याले. माझ्याशी मात्र ते लग्न होईपर्यंत तोंडाकडे बघून एक शब्द बोलले नाहीत, आणि बोलायची वेळ आलीच तर उसाकडे तोंड करून बोलत.

आईचा मान गेला म्हणाल, तर आठवडाभर गेला. गिरणीवाल्याने तिचं दळण परत शेवटी ढकललं. पण मग वस्तीवरच्या बायका एकेक करून बांगड्या भरायला राहुरीला जाऊन आल्या, आणि दिवाळीपर्यंत गिरणीत असा देखावा झाला की सगळेच अंबाडे नारळाएवढे, आणि कुणाला आधी बाई म्हणावं ते बिचाऱ्या गिरणीवाल्याला कळेना. तात्यांनी मात्र "अहो" सोडलं नाही. आईने भाकरी बंद करायची धमकी दिली होती.

माझी बायको घरात आली ती गुडघ्यापर्यंत केस घेऊन. स्वतःचे, मुळासकट! मला परमानंद झाला, सुटलो म्हटलं. तिने कलिंगडाएवढा अंबाडा घातला आणि म्हशीपुढे पाठमोरी बसली. म्हशीने हुंगला. परत हुंगला. मग मान वळवून ती माझ्याकडे बघत राहिली. तिला आता नुसता अंबाडा चालेना. अंबाड्याखाली मिशी लागायची. ती म्हैस असेपर्यंत दोन्ही वेळची धार अंबाडा घालून मीच काढली, आणि बायको कानात कापूस न घालताच दारात उभी राहून हसत राहिली.

आता म्हैस नाही, आणि माझ्या डोक्यावर केसही नाहीत. घरात मी काही महत्त्वाचं सांगायला तोंड उघडलं की सून मिक्सर लावते, मुलगा मोटारसायकलला किक मारतो आणि बायको म्हणते, बास. तेव्हा माझी नजर आपोआप गंगावनाच्या त्या खुंटीकडे जाते. आयुष्यात माझं बोलणं टोपी हातात धरून, मान डोलावत, कुणी ऐकून घेतलं असेल तर ते एकदाच. आणि तेव्हा मी माझी चुलती होतो.